तेहतीस पाने आणि अर्धे पान

१९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावातल्या एका वकिलाने आपल्या मुलाविषयी तेहतीस टंकलिखित पाने लिहिली आणि ती बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समधले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांच्याकडे पाठवून दिली. वकिलाचे नाव बीमन ट्रिपलेट. मुलगा डोनाल्ड, नुकताच पाच पुरा झालेला. पाच वर्षांनी, १९४३ साली, कॅनर यांनी ‘द नर्व्हस चाइल्ड’ या नियतकालिकात अकरा मुलांचे वृत्तांत प्रसिद्ध केले. आठ मुलगे, तीन मुली. त्यातला पहिला वृत्तांत डोनाल्डचा. ज्याला आज ऑटिझम म्हणतात त्या निदानाचा आरंभ बहुतेक जण या निबंधापासून धरतात. (मॉस्कोत ग्रुन्या सुखारेवा यांनी तशाच मुलांची वर्णने त्याआधी दीडएक दशक केली होती आणि व्हिएन्नात हान्स आस्परगर त्याच सुमारास लिहीत होते, पण तो वाद येथे नको.)

या तेहतीस पानांच्या जोडीला आणखी एक कागद आहे. डोनाल्ड तीन वर्षांचा असताना वैद्यकीय सल्ल्यावरून त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवले होते. ‘वातावरण बदलले म्हणजे बरे वाटेल’ हा तेव्हाचाही सल्ला होता. सुमारे वर्षभराने आईवडिलांनी हट्टाने त्याला परत नेले. नेताना त्यांनी संस्थेच्या संचालकाकडे लेखी अहवाल मागितला. वर्षभर मूल डोळ्यांसमोर होते. संचालकाने जेमतेम अर्धे पान लिहून दिले. एखाद्या ग्रंथीचा विकार असावा, असा त्यात तर्क होता.

मी डॉक्टर नाही, मानसशास्त्रही कोठे रीतसर शिकलेले नाही. पंचवीसएक वर्षे आत्मकथने, पत्रव्यवहार, रोजनिश्या असला मजकूर वाचत आले, आणि त्याच वाटेने रुग्णवृत्तांतांपर्यंत पोहोचले. त्यामुळे या दोन कागदांकडे मी मजकूर म्हणूनच पाहते. ऑटिझमला रक्ताची तपासणी नाही, क्ष-किरणात तो दिसत नाही. निदान होते ते मुलाला पाहून आणि आईबाप सांगतात ते ऐकून. म्हणजे या निदानाचा निम्मा भाग वाचनाचा आहे. निदान चुकते तेव्हा पुष्कळदा ते वाचन चुकलेले असते, आणि काही वेळा लेखनही.

वडिलांच्या पत्रात काय होते ते कॅनर यांच्या निबंधातून कळते. वर्षाच्या आतबाहेरच मूल कितीतरी चाली अचूक गुणगुणत होते. दोन वर्षांचे होण्याआधी माणसांचे चेहरे, नावे, घरांची ठिकाणे त्याच्या लक्षात राहत. बायबलातले एक स्तोत्र आणि चर्चच्या प्रश्नोत्तरीतली पंचवीस प्रश्नोत्तरे तोंडपाठ; मात्र कुणी साधा प्रश्न विचारला तर उत्तर नाही. एकटे असताना सर्वांत खूश. आई घरी आली काय नि गेली काय, दखल नाही. तवे, ठोकळे, जे फिरेल ते फिरवत बसणे. स्वतःविषयी बोलताना ‘मी’च्या जागी ‘तू’. आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ‘हो म्हणालास तर खांद्यावर घेईन’ असे सांगून वडिलांनी त्याला ‘हो’ म्हणायला शिकवले. तो शिकला. पण त्यानंतर त्याच्या लेखी ‘हो’ या शब्दाचा अर्थ एकच राहिला : मला खांद्यावर घ्या.

या तपशिलात एकही वैद्यकीय शब्द नाही. ‘हट्टी’, ‘मंद’, ‘विचित्र’ असले निष्कर्षही नाहीत. काय घडले, कशानंतर घडले, कितीदा घडले, एवढेच आहे. संचालकाच्या अर्ध्या पानात नेमके उलटे : निष्कर्ष आहे आणि घटना नाहीत. घटना लिहिलेल्या असल्या की त्या पुन्हा वाचता येतात, पाच वर्षांनी दुसऱ्या दहा मुलांच्या घटनांशेजारी ठेवून पाहता येतात. निष्कर्षाचे तसे करता येत नाही. तो बरोबर असतो किंवा चूक असतो, आणि चूक असला तर त्याखाली शोधायला काही उरत नाही.

कॅनर यांनी ती पाने नीट वाचली, हे त्यांचे मोठेपण. घाईने नाव ठेवले नाही, हे त्याहून मोठे. १९३८ च्या ऑक्टोबरात डोनाल्डला तपासले तेव्हा त्यांच्याकडे नाव नव्हते. आई मेरी ट्रिपलेट पत्रे लिहीत राहिली. १९४२ साली कॅनर यांनी तिला कळवले की डोनाल्डसारखी आणखी आठ मुले आपल्या पाहण्यात आली आहेत आणि नाव द्यायचेच झाले तर अमुक देता येईल. चार वर्षे एक तज्ज्ञ ‘मला अजून ठाऊक नाही’ या जागी थांबला. आपल्याकडच्या बाह्यरुग्ण विभागात चार मिनिटेही हे वाक्य कानी पडत नाही.

पण याच निबंधात एक खोट आहे आणि ती वाङ्मयीन आहे. वडिलांच्या पत्राचा उल्लेख करताना कॅनर म्हणतात की माहिती उत्तम आहे, मात्र पत्र पछाडल्यासारख्या तपशिलांनी भरलेले आहे. ज्या तपशिलावर आपला सगळा निबंध उभा आहे, तो तपशील लिहिणाऱ्यालाच त्यांनी रुग्णवृत्तांतात ओढले. वडील साक्षीदार होते, ते लक्षण झाले. निबंधाच्या शेवटी ही रेघ आणखी गडद होते. मुलांचे आईबाप फार बुद्धिमान आहेत, चार वडील स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, अकरांपैकी नऊ आया पदवीधर आहेत, आणि यांत मनमोकळी, मायाळू माणसे फारच थोडी आहेत, असा तो सूर. मुलांचा दोष जन्मजात आहे असे तेथेच, अगदी शेवटी म्हटले आहे, हे खरे. पण वाचणाऱ्यांनी उचलले ते आईबापांचे वर्णन. १९४९ साली खुद्द कॅनर यांनीच या मुलांना शीतकपाटात नीट रचून ठेवल्याची उपमा वापरली, आणि ‘शीतकपाटी आई’ हा शब्दप्रयोग पुढे वीस वर्षे घराघरांत शिरला. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ने त्यावर कळस चढवला. एक उपमा किती घरे मोडू शकते याचे याहून ठसठशीत उदाहरण मला ठाऊक नाही. तरुणपणी कॅनर यांना कवी व्हायचे होते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

आणि ती नऊ पदवीधर आयांची गोष्ट! त्यातून निघालेला समज असा की हा सुशिक्षितांच्या घरातला आजार. प्रत्यक्षात १९३८ साली मिसिसिपीहून बाल्टिमोरपर्यंत मुलाला घेऊन कोण जाऊ शकत होते? तेहतीस पाने कोण टंकित करू शकत होते? शेतमजुराच्या घरातला डोनाल्ड त्या अर्ध्या पानाच्या संस्थेतच राहिला असणार. कॅनर यांनी रोगाची व्याप्ती म्हणून जे नोंदले ती खरे तर लेखनाची व्याप्ती होती. आपल्याकडे ऑटिझम ‘पुण्यामुंबईतला’ वाटतो, त्याचेही बरेचसे कारण हेच आहे.

कॅनर यांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९४६ साली त्यांनी या मुलांच्या ‘असंबद्ध’ बोलण्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. कोणाही साहित्याच्या अभ्यासकाने तो वाचावा असा आहे. त्यातला पॉल नावाचा मुलगा स्वयंपाकाचे भांडे दिसले की ‘पीटर ईटर’ असे काहीतरी म्हणे. ऐकणाऱ्याला निरर्थक. आईला विचारल्यावर उलगडा झाला : तो दोन वर्षांचा असताना ती स्वयंपाकघरात त्याच्यासाठी एक बालगीत म्हणत होती आणि तेवढ्यात तिच्या हातून भांडे पडले. गीतातला शब्द आणि भांडे यांची गाठ त्या दिवशी पडली ती कायमची. कॅनर यांनी या बोलण्याला रूपक म्हटले, पण असे रूपक की ज्याची किल्ली भाषेत नसते, त्या घराच्या इतिहासात असते. म्हणजे टीप आईकडे आहे. आईला गप्प केले की मजकूर निरर्थक होतो, आणि निरर्थक बोलणारे मूल ‘मंद’ किंवा ‘वेडे’ ठरते. हे ज्याला इतके स्वच्छ उमगले होते, त्यानेच तीन वर्षांनी शीतकपाटाची उपमा लिहावी, याचा मेळ मला आजवर लागलेला नाही.

या उपमेला उत्तर आईबापांनीच दिले, आणि तेही लिहूनच. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकी नौदलातले मानसशास्त्रज्ञ, मार्क नावाच्या मुलाचे वडील. त्यांनी १९६४ साली आईबापांवरचा आरोप पुराव्यानिशी खोडून काढणारे पुस्तक लिहिले. त्याला प्रस्तावना कॅनर यांची. क्लारा क्लेबोर्न पार्क इंग्रजीच्या अध्यापिका. त्यांचे ‘द सीज’ बेटेलहाइमच्या पुस्तकाच्याच वर्षी आले. पार्क यांनी मुलीविषयी लिहिताना तज्ज्ञांनाही तितक्याच बारकाईने न्याहाळले, आणि ते न्याहाळणे कडवटपणाशिवाय केले. माझ्या मते या विषयावरचे हे सर्वांत चांगले गद्य आहे. १९६९ साली वॉशिंग्टनला पालकांच्या सभेत कॅनर यांनी आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केले. सभागृह उठून उभे राहिले म्हणतात. ज्यांनी गुन्हा केलेलाच नाही त्यांची निर्दोष सुटका, आणि तीही फिर्यादीच्या हातून!

आता मराठीकडे येते. ‘ऑटिझम’साठी आपण ‘स्वमग्नता’ हा शब्द रुळवला. हा शब्द मूळ ग्रीक ‘स्व’ला इमानदार आहे आणि अडचण तेथेच आहे. युजेन ब्लॉयलर यांनी १९११ साली ही संज्ञा स्किझोफ्रेनियाच्या, जगातून अंग काढून घेतलेल्या रुग्णांसाठी वापरली होती. कॅनर यांनी ती उचलली तेव्हाच ती सैल बसत होती. कारण अंग काढून घेण्यासाठी आधी जगात असावे लागते, आणि ही मुले जन्मापासूनच वेगळ्या रीतीने जगात आहेत असे ते स्वतःच सांगत होते. मराठीत तर ‘मग्न’ला आणखी एक वास आहे. ध्यानमग्न, चिंतनमग्न. बुडणारा आपल्या इच्छेने बुडालेला असतो आणि आत त्याला काही सापडत असते. त्यामुळे ‘स्वमग्न’ ऐकले की आजी म्हणते, ‘असू दे गं, आपल्याच नादात असतो, अवलिया आहे.’ आणि दोन वर्षे जातात. मूल पाण्याच्या धारेकडे पाहत असते, पंख्याकडे पाहत असते, चाकाकडे पाहत असते. ते ‘स्व’मध्ये कोठे मग्न आहे? त्याचे लक्ष बाहेरच आहे. फक्त आपल्यावर नाही. हे आपल्याला लागते, म्हणून आपण त्याला स्वमग्न म्हणतो. काही वर्तमानपत्रे ‘आत्मकेंद्री’ लिहितात, ते तर शिवी देण्यासारखेच. तरीही ‘स्वमग्न’ टाकून द्या असे मी म्हणणार नाही. ‘मतिमंद’ या सरसकट खोक्यातून काही हजार मुलांना त्या शब्दाने बाहेर काढले, आणि तो चारचौघांत उच्चारता येतो.

शब्दापेक्षा मोठी गडबड प्रश्नांच्या भाषांतरात आहे. सर्वनामांची उलटापालट हे कॅनर यांच्यापासून चालत आलेले लक्षण. इंग्रजीत ते चटकन कानाला खटकते. मराठीत सर्वनाम पुष्कळदा बोलायचेच नसते. आई विचारते, ‘पाणी हवंय?’ मुलाला तहान लागली की तेही तेच म्हणते, ‘पाणी हवंय?’ यात ‘मी’ही नाही, ‘तू’ही नाही, उलटापालट झाली आहे ती फक्त प्रश्नाच्या सुरात, आणि सूर कागदावर उमटत नाही. दुसरीकडे, दिवसभर आईजवळ असलेला दोन वर्षांचा मुलगा ‘मी जाते’ म्हणतो; ते आपल्याकडे इतके नेहमीचे की कुणी नोंद करीत नाही, आणि करूही नये. तेव्हा ‘मूल सर्वनामांची उलटापालट करते का?’ या प्रश्नाला मराठी आई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. तिला विचारायला हवे ते असे : पाणी मागताना ते काय म्हणते? अगदी त्याच्याच आवाजात म्हणून दाखवा.

उलट बाजूही आहे. घास भरवताना आपल्याकडे आई खिडकीतली चिमणी दाखवते, कावळा दाखवते, रात्री चंद्र दाखवते. बोट जाते तिकडे मूल पाहते, मग वळून आईकडे पाहते. ज्याला तज्ज्ञ ‘संयुक्त अवधान’ म्हणतात त्याची ही रोजची दोन वेळची परीक्षा. ज्या आईचे मूल चिमणीकडे न पाहता तिच्या बोटाकडेच पाहत राहते, तिला काहीतरी चुकते आहे हे कोणत्याही प्रश्नावलीआधी कळते. टमारा डेली या संशोधिकेने मुंबईसह चार भारतीय शहरांतल्या ९५ कुटुंबांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. तिला दिसले की अमेरिकी पालकांना पहिली शंका येते ती बोलण्यावरून, भारतीय पालकांना मुलाच्या माणसांशी वागण्यावरून. म्हणजे आपल्या आयांचे पहिले वाचन मर्माला धरून असते. मध्येच ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचे वडीलही असेच होते’ हे सुरू होते आणि तिचे वाचन तिच्याच हातून निसटते.

आपल्या देशाची स्वतःची मोजपट्टीही आहे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेली आणि २००९ मध्ये आलेली ‘इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम’, म्हणजे इसा. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज सत्तरच्या आत असेल तर ऑटिझम नाही, पुढे सौम्य, मध्यम, तीव्र. सर्वनामांचा प्रश्न तिच्यातही आहे. सरकारी प्रमाणपत्र याच मोजपट्टीवर मिळते, आणि ते मिळणे ही थोडी गोष्ट नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याआधी ऑटिझमला कायद्यात वेगळी जागाच नव्हती. पण उत्तरांच्या पायऱ्या पाहा : ‘क्वचित’ म्हणजे वीस टक्क्यांपर्यंत, ‘कधी कधी’ म्हणजे एकवीस ते चाळीस, आणि असेच वर शंभरापर्यंत. मूल दिवसाच्या किती टक्के वेळ नजर टाळते, हे कोणत्या आईने मोजावे? ती अंदाज सांगते. आणि अंदाज समोरच्याला पाहून बदलतो. शाळाप्रवेशाच्या टेबलाशी तिचे मूल ‘थोडे उशिरा बोलते’. प्रमाणपत्राच्या शिबिरात ते ‘काहीच करीत नाही’. सासरी ते ‘आता खूप सुधारलेय’. एकाच मुलाच्या या तीन संहिता, आणि तिन्ही खोट्या नाहीत. आपण तिला प्रत्येक ठिकाणी वेगळे उत्तर लागेल अशीच व्यवस्था केली आहे.

कधी तर पालकांना चुकीचेच निदान हवे असते. रॉय रिचर्ड ग्रिंकर हे मानववंशशास्त्रज्ञ, स्वतः ऑटिझम असलेल्या मुलीचे वडील. त्यांनी ‘अनस्ट्रेंज माइंड्स’ या २००७ च्या पुस्तकात दक्षिण कोरियातल्या आयांविषयी लिहिले आहे. तेथे पुष्कळ मुलांना ‘रिअॅक्टिव्ह अटॅचमेंट डिसऑर्डर’ हे नाव दिले जाई. त्याचा साधा अर्थ, आईची माया कमी पडली. आया ते मुकाट स्वीकारत. कारण ऑटिझम म्हटले की तो रक्तात आला, आणि रक्तात आला की दुसऱ्या मुलांच्या लग्नांचे काय? आईने दोष अंगावर घेतला की कुळ सुटते. हे वाचताना मला कोरिया फार लांबचा वाटला नाही.

आता माझी एक कबुली. काही वर्षांपूर्वी नात्यातल्या एका मुलीने तिच्या अडीच वर्षांच्या मुलाविषयी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नोंदी ठेवायला सुरुवात केली होती. ज्या चौकोनात दुधाचा हिशेब, त्यातच बारीक अक्षरात या नोंदी. ‘हाक ३, नाही.’ ‘कुकर, कान झाकले.’ एका डॉक्टरांनी ‘थांबा, बोलेल’ म्हटले होते. दुसऱ्यांनी कानाची तपासणी करवली, ती निर्दोष आली. तिसऱ्यांकडे जाण्याआधी ती माझ्याकडे आली. ‘मावशी, तुम्हाला लिहिता येतं, नीट लिहून द्या ना.’ मी दिले. दोन पानी, सुटसुटीत, परिच्छेद पाडलेले. पंख्याच्या, कुकरच्या, दाराच्या नोंदी पुनरुक्ती म्हणून काढून टाकल्या आणि त्यांच्या जागी लिहिले, ‘हाकेला प्रतिसाद देत नाही. हट्टी आहे. आवाजाने चिडतो.’ डॉक्टरांनी ते वाचले, हट्टीपणावर उपाय सांगितले, टीव्ही बंद करायला सांगितले. आठ महिने गेले. ज्या संचालकाच्या अर्ध्या पानावर मी इतकी वर्षे टिपणे काढत होते, ते मीच लिहून दिले होते. हाकेला वळून न पाहणारे मूल कुकरच्या शिट्टीला कान झाकते, ही दोन वाक्ये शेजारी शेजारी होती तोवर त्यांत अर्थ होता. मी ती वेगळी केली.

पुढे ज्या बाईंनी निदान केले त्यांनी माझी पाने बाजूला ठेवली आणि ‘मूळ काही लिहिलेलं आहे का?’ असे विचारले. मुलीने घरून दिनदर्शिका मागवली. बाई पाने उलटत गेल्या. मार्चपाशी थांबल्या.

‘हे ‘खा’ काय आहे? खात नव्हता?’

‘नाही मॅडम, तो दुधाचा खाडा आहे.’

‘बरं. आणि हे ‘पं ४०’?’

‘पंखा. चाळीस मिनिटं.’

‘बंद पंखा की चालू?’

‘बंद,’ ती म्हणाली. ‘चालू केला की निघून जायचा.’

हे मला तिने कधीच सांगितले नव्हते, कारण मी विचारलेच नव्हते. बाईंनी पेन उघडले आणि एप्रिलचे पान काढले.